हनुवटी

"हळू, मामा," लेक म्हणाली. "डोळा आहे तो."

पट्टीमामांनी हात आखडला. स्टिकर दाबायची रबरी पट्टी सदान्‌कदा हातात, म्हणून सगळे त्यांना पट्टीमामा म्हणत. आजवर त्यांनी गाड्यांवर दुधाच्या पिशव्या चिकटवल्या होत्या, गुटगुटीत बाळं चिकटवली होती, पुढाऱ्यांचे जोडलेले हात चिकटवले होते. त्यांतल्या कुणाला कधी दुखलं नव्हतं. या फोटोतल्या आजोबांना मात्र पट्टी लागली की त्यांची लेक ओठ आवळत होती.

आजोबा हरवले होते. चप्पल घालून घराबाहेर पडले ते पडलेच. पोलीस झाले, दवाखाने पालथे घालून झाले. आता मुलाच्या मालवाहू व्हॅनवर त्यांच्या चेहऱ्याचा पुरुषभर उंचीचा फोटो लावून गावोगाव फिरायचं, असं बहीणभावांनी ठरवलं होतं.

कपाळ छान बसलं. डोळे, नाक, पांढरी मिशीही बसली. पण हनुवटी नेमकी मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर येत होती. सपाट पत्र्यावर कुणीही चिकटवेल. फुगवट्यावर विनाइल, म्हणजे स्टिकरचं चिकट प्लास्टिक, ओढावं लागतं, आणि ओढलं की चित्र ताणतं. दुधाची पिशवी ताणली तर कोण विचारतो?

त्यांनी मागचा कागद सोडवला, विनाइल ओढलं, पट्टी फिरवली. दोन पावलं मागे सरून पाहिलं. आजोबांचं तोंड पार कानापर्यंत फाकलं होतं.

"हे बाबा नाहीत," भाऊ म्हणाला. "बाबा असे कधी हसलेत?"

"हसायचे. तू घरी असायचास कुठे?"

"आणि तू घरात असून काय झालं?"

"आंघोळीला गेले होते मी! माणसाने आंघोळसुद्धा करायची नाही?"

लेकीने तोंड फिरवलं.

"थांबा जरा, उचलतो," मामा म्हणाले. दुसरी प्रिंट नव्हती. छपाईवाल्याचं मशीन बंद पडलं होतं. त्यांनी नखाने कड सोडवली आणि श्वास रोखून विनाइल मिशीपर्यंत वर घेतलं. मग गरम हवा सोडणारी हीट गन लावली. जवळ नेली तर भोक पडणार, लांब धरली तर ढिम्म हलणार नाही. हात हलू नये म्हणून त्यांनी कोपर बरगडीशी घट्ट दाबून धरलं.

"घाबरू नका, ताई. याला ऊब दिली की आपला मूळ आकार आठवतो."

"तेवढं बाबांना जमलं असतं तर..." भाऊ म्हणाला, आणि पुढचं त्याने गिळलं.

फाकलेलं तोंड हळूहळू मिटत आलं. मामांनी पुन्हा पट्टी उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हे आजोबा हरवलेत?"

शेजारच्या दुकानात पार्सल द्यायला आलेली मुलगी स्कूटरवरून उतरली होती. "मी यांना पाहिलंय. जुन्या डेपोत भंगारातल्या बस उभ्या आहेत ना, त्यांतल्या एकीत बसले होते. खिडकीशी. मला विचारलं, गाडी कधी सुटणार? मला वाटलं, गंमत करतायत."

"कधी?" लेक तिच्यापाशी धावली.

"सकाळीच."

"चष्मा होता?"

"होता. एका बाजूची काडी तुटलेली. रबर अडकवलेलं."

भावाने डोळे मिटले. "मीच अडकवलं होतं ते," तो पुटपुटला आणि चावी काढत व्हॅनच्या दाराकडे धावला.

"अहो, थांबा!" मामा व्हॅनच्या आडवे आले. "हे लोंबतंय. चाकात गेलं तर गुंडाळेल."

"मग बसवा."

"असं कसं बसेल? वेळ लागतो त्याला!"

"कापा," लेक म्हणाली.

"ताई, आत्ता तोंड सरळ केलंय. पुन्हा जोडलं तरी सांधा दिसणार. आणि ते आजोबा दुसरेच कुणी निघाले तर?"

"मामा, कापा म्हणते ना!"

मामांनी विनाइल पत्र्यापासून ओढून धरलं आणि मिशीच्या खालून ब्लेड फिरवलं. व्हॅन धुरळा उडवत निघून गेली. मिशीपर्यंतचे आजोबा कोपऱ्यावर वळले. पार्सलवाली मुलगी वाट दाखवायला स्कूटर घेऊन आधीच पुढे गेली होती.

मामांच्या हातात ओठ, हनुवटी आणि खाली ठळक आकड्यांत लेकीचा फोन नंबर राहिला. डिंकाला धूळ लागायला नको म्हणून त्यांनी तो तुकडा जपून पुन्हा कागदावर बसवला आणि टेबलावर सरळ पसरला. लागलाच परत, तर असावा.

पुढचं काम एका मोटारसायकलच्या टाकीचं होतं. त्यावरचा पट्टा वाकडा बसला. काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाकडा. चहा आला तो तसाच साय धरून निवला. दर गाडीच्या आवाजाला मामा दारात येत आणि आत जात.

उन्हं कलली तेव्हा मात्र त्यांना राहवेना. टेबलाशी उभं राहून, एकेक आकडा वाचत त्यांनी नंबर लावला. रिंग वाजत राहिली. कापायलाच नको होतं, असं त्यांच्या मनात आलं. फोन ठेवणार, इतक्यात पलीकडे कुणीतरी उचलला. थोडी खुडबुड झाली.

"हॅलो," एक म्हातारा, जरा त्रासलेला आवाज म्हणाला. "कोण पाहिजे आपल्याला?"