सगळ्यात खालचा हुद्दा

दोन हजार दोनचा उन्हाळा. जालन्याच्या एका कचेरीतल्या गोपनीय नोंदींवर मच्छिंद्रनं संगणकात पहारा बसवला होता. तो पक्का आहे का हे बघायला रोज सकाळी काही खोटी नावं आपोआप वरच्या हुद्द्याच्या नोंदी उघडायला जात. संगणक पीं करून त्यांना हाकलायचा. सगळ्यांना हाकललं, की चाचणी पास.

त्या नावांत त्यानं हौसेनं आपल्या पोरीचं नाव टाकलं होतं, सगळ्यात खालच्या हुद्द्यावर. इंद्रायणी. संक्रांतीनंतर ती तापानं गेली. नाव त्याच्यानं पुसवलं नाही.

त्या दुपारी बायको, गोपिकाबाई, डबा घेऊन आली. चाचणी कधीच संपली होती, तरी संगणक वाजत होता. दोनदा, जरा थांबून एकदा.

डबा तिच्या हातातच राहिला. "शाळेतून आली की अशीच कडी वाजवायची."

पडद्यावर एकच ओळ परत परत उमटत होती. इंद्रायणी, परवानगी नाही.

"आत घ्या ना तिला."

"ती जी नोंद उघडू बघतेय, ती मला उघडते, तिला न्हाई उघडत. हुद्दा कुणालाच बदलता येत न्हाई. मीच तसं बनवलंय."

"काय हाय आत?"

"काहीच न्हाई. चाचणीपुरती रिकामी ठेवलीय."

गोपिकाबाईनं पडद्यावर हात ठेवला. "नको उभी राहू माय. ऊन लागंल."

आवाज थांबला.

मच्छिंद्रनं घाईघाईनं स्वतःच्या नावानं, सगळ्यात वरच्या हुद्द्यानं, ती रिकामी नोंद उघडायला घेतली.

संगणक वाजला.

मच्छिंद्र, परवानगी नाही.