पडलेला गडी

पंचांनी शिट्टी मारली, तरी चीतपट झालेला सर्जा मातीतून उठेना. पिराजीनं त्याच्या नाकाशी हात धरला. श्वास नव्हता. मघाशी घिस्सा डाव मारताना पिराजीच्या दंडाखाली सर्जाचं काळीज ताल सुटलेल्या हलगीसारखं वाजत होतं.

सर्जाच्या छातीवर टाक्यांचा जुना उभा व्रण होता. लहानपणी हृदयाचं भोक बुजवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दरवर्षी दाखवायला या. "पोरगं घोडा झालंय, आता दाखवायचं काय?" म्हणत त्याच्या वस्तादांनी ते कधीच बंद केलं होतं आणि गावभर फुशारकीनं सांगितलं होतं.

पिराजी पोलिसात होता. प्रशिक्षणात शिकवलेलं त्याला आठवलं. गुडघ्यावर बसून त्यानं दोन्ही तळवे व्रणावर ठेवले आणि सगळा भार टाकून दाबू लागला. बरगडी कडकन मोडली.

"आयला, पडलेल्या गड्याला मारतोय!"

मैदान खवळलं. चपला आल्या, मग दगड आले. सर्जाचे वस्ताद काठी घेऊन धावले. पहिला तडाखा पिराजीच्या मनगटावर बसला आणि हात लोंबायला लागला. तो दुसऱ्या हातानं दाबतच राहिला. पुढची काठी डोक्यात बसली, रक्त डोळ्यांवर आलं.

"वस्ताद, मला मागाहून मारा! याचं काळीज बंद पडलंय. माझा हात गेला, आता तुम्ही दाबा!"

वस्तादांना सर्जाचे निळे ओठ दिसले. काठी गळून पडली. मातीत गुडघे टेकत त्यांनी विचारलं, "कुठं दाबू?"

"टाक्यांवर."