गाडी किती देते?

“फुल्ल करा. अगदी तोंडापर्यंत येऊ दे,” सानपाड्याच्या पंपावर जाफर म्हणाला. डिझेल भरून झाल्याबरोबर त्याने मोबाइलवर हिशोब केला. किलोमीटर भागिले लिटर. नऊ.

परत केला. नऊच!

पंधरा दिवस मार्केटातून खारघरच्या दुकानांना फळं पोचवायला पिकअप तो स्वतः नेत होता. चावी खिशात, टाकीला कुलूप. वर गाडी अशी जपून चालवायची, की जणू मागे अंडीच भरलीत. आता कोणावर आळ घेणार?

‘चौदाचं अ‍ॅव्हरेज, शेठ. डोळे झाकून घ्या,’ ही जुनी गाडी विकणारा म्हणाला होता. आणि या शहाण्याने खरंच डोळे झाकले. सहा वर्षं जाफरकडेच ड्रायव्हर असलेल्या कोंडिबाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, नऊच्या वर जात नाही. तर जाफरने भर मार्केटात, चार हमालांदेखत विचारलं, “बाकीचं डिझेल कुठं विकतोस रे?” कोंडिबा चावी बोनेटवर ठेवून निघून गेला.

जेमतेम अर्धा तास पाहिलेल्या माणसाचं खरं आणि कोंडिबाचं खोटं! जाफरला स्वतःचीच लाज वाटली. त्याने गाडी सरळ मार्केटात घातली.

कोंडिबा तिथेच होता, डाळिंबाच्या पेट्या वाहत. पंचावन्न उलटलेला माणूस, आता हमाली करत होता.

“कोंडिबा!” जाफरने मुद्दाम आवाज चढवला. त्या दिवशी ज्यांनी ऐकलं, त्यांनी हेही ऐकायला हवं होतं. “मी चुकलो. माझ्या हातात पण गाडी नऊच देते. तुम्ही दमडीचं डिझेल घेतलं नव्हतं. माफ करा मला.”

दोघं-तिघं थबकले. कोंडिबाने पेटी खाली ठेवली, टॉवेलने मान पुसली.

“क्लच दाखवून घ्या एकदा,” तो म्हणाला. “आन् लोड आसला की लई ताणू नगा.”

“तुम्हीच बघा ना ते. चला, ही घ्या चावी. पगार पण वाढवतो.”

कोंडिबाने चावीला हात लावला नाही.

“जाफरभाई, एक इचारू?”

“विचारा ना.”

“तुमच्या हातात गाडीनं चौदा दिलं असतं, तर?”

एवढं विचारून कोंडिबा खाली वाकला आणि पेटी खांद्यावर घेऊन गाळ्यात गेला.