गाडीची चूक

"ह्यो पत्रा हाय का पापड?"

हंबीरराव गॅरेजच्या दारातूनच गरजले. उद्यमनगरातल्या गौसभाईंच्या शेडमध्ये त्यांची नवी गाडी टोचन लावून ओढत आणली होती. काल राधानगरी रोडवर ती वडाच्या बुंध्याला धडकली, आणि पुढच्या भागाचा पार चेंदामेंदा झाला. गाडी चालवत होती हंबीररावांची सून प्रियदर्शनी, शेजारी बसले होते हंबीरराव. दोघंही सुखरूप. जी म्हैस आडवी आली, ती तर मागं वळूनही न बघता निघून गेली.

प्रियदर्शनी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. हंबीररावांनी गौसभाईंना बाजूला ओढलं आणि ते कुजबुजले. त्यांची कुजबूज म्हणजे निम्म्या गल्लीला ऐकू जायची, ते सोडा.

"भाई, एवढं काम कर. तुझ्या वहिनीनं, धोंडुबाईनं, सकाळधरनं घर डोक्यावर घेतलंय. ही मोडली, आता दुसरी गाडी आली तरी सुनेच्या हातात किल्ली देणार न्हाय म्हणती. पोरगी रोज गाडीनं शाळेत शिकवायला जाती की! येस्टीच्या मागं लागली तर निम्मा दिवस वाटंतच जाईल. मी फोन लावतो, तू फकस्त सांग, गाडीच बोगस हाय."

गौसभाई पेचात पडले. पोरगी गुणाची होती, तिच्यासाठी त्यांचाही जीव तुटत होता. पण बत्तीस वर्षं त्यांनी पत्रा ठोकण्यात घालवली होती. माणसाबद्दल ते एकवेळ खोटं बोलले असते, पत्र्याबद्दल कधीच नाही.

"आधी बघू तर द्या," ते म्हणाले.

हंबीररावांना कुठला दम! त्यांनी फोन लावलासुद्धा, आणि स्पीकर चालू करून हातात धरला. धोंडुबाई पलीकडून "बोला, बोला" करायला लागल्या.

गौसभाईंनी दाराची कडी एका बोटानं उचलली. दार अलगद उघडलं. चारही दारं तशीच उघडली. आत स्टेअरिंग जाग्यावर, सीट जाग्यावर, पुढची हवेची पिशवी फुगून पुन्हा खाली बसलेली. मग ते जमिनीवर आडवे झाले आणि बॅटरीच्या उजेडात गाडीच्या पोटाखाली बराच वेळ बघत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

"हंबीरराव, हिकडं या. ही लोखंडी पट्टी बघा. हिच्यावर खाचा दिसत्यात? त्या काल पडल्या न्हाईत, कारखान्यातनंच पाडून आल्यात. धडक बसली की पट्टीनं बरोबर हितंच दुमडायचं. सगळा दणका पुढच्या भागानं खायचा, आत पोचू द्यायचा न्हाय. पुढं मुद्दाम मऊ ठेवलंय. आन् माणसं बसत्यात तिथं?" त्यांनी दाराजवळच्या खांबावर हातोडी मारली. टण्ण! "पोलाद!"

"आमची जुनी जीप बघायची हुतीस," हंबीरराव हटायला तयार नव्हते. "उसाच्या ट्रॉलीवर धडकली, तरी ओरखडा न्हाय!"

"जीपला न्हाय. आन् तुमच्या पुढच्या चार दातांचं काय झालं?"

"बरं इचारलंसा भावजी!" फोनमधून धोंडुबाई खदखदून हसल्या. "ती कवळी मीच धुती रोज."

हंबीररावांनी शर्टाची बटणं काढून छातीवरचा निळा वळ दाखवला. "मग ह्यो सीटचा पट्टा? जीव घ्यायला निघालता माझा!"

"त्या वळाला हात जोडा. पट्टा नसता तर तुमी काच फोडून वडाला मिठी मारली असती. नीट लावला हुता म्हणून वाचलासा."

एरवी हंबीररावांनी पट्टा नीट लावलाच नसता. ते तो पाठीमागून अडकवायचे आणि पुढं मोकळे बसायचे. गाडीची पिकपिक बंद झाली की झालं. काल सुनेनं गाडी रस्त्याकडेला उभी केली होती आणि म्हणाली होती, "आबा, पट्टा छातीवरनं घेतल्याबिगर गाडी हलणार न्हाय." सगळ्या वाटेनं ते तिच्यावर फुगून बसले होते. हे त्यांनी आता गौसभाईंना स्वतःच्या तोंडानं सांगितलं, अगदी हळू आवाजात.

गौसभाई तोवर रंगात आले होते. ते फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "वहिनी, गाडीची काडीइतकी चूक न्हाय! स्वतः मोडली, पर माणसं वाचवली!"

"मग चूक सुनेचीच!" धोंडुबाई कडाडल्या. "ठरलं तर. किल्ली तिला द्यायची न्हाय."

गौसभाईंनी जीभ चावली. खरं बोलून त्यांनी पोरीचंच नुकसान केलं होतं. प्रियदर्शनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

हंबीररावांनी तिच्याकडं बघितलं. मग त्या मोडक्या गाडीकडं बघितलं. शर्टाची बटणं एकेक करून लावली आणि फोन तोंडाशी धरला.

"अगं, ऐक. पोरीनं ब्रेक दाबला हुता. गाडी थांबतच हुती. म्हस बघून माझीच पाचावर धारण बसली आन् मी शेजारनं स्टेअरिंग वडलं. कालपासनं ही त्याबद्दल एका शब्दानं बोलली न्हाय. आन् मी आपला गाडीला शिव्या देत बसलोय."

चाळीस वर्षांच्या संसारात धोंडुबाई इतका वेळ कधी गप्प राहिल्या नव्हत्या. हंबीररावांनी फोन बंद पडला की काय म्हणून हलवून बघितला.

"दुसरी गाडी आली की किल्ली सूनबाईकडंच," अखेर फोनमधून आवाज आला. "आन् तुमी मागं बसायचं. माझ्या शेजारी. हात मांडीवर ठिवून!"