अलीकडचा कोपरा

आधी शाळेच्या गेटवर उतरणारी लेक हल्ली रोज अलीकडच्या कोपऱ्यावरच गाडीतून उतरायची. गाडीच्या किरकिऱ्या आवाजाची तिला मैत्रिणींसमोर लाज वाटते, अशी बापाने मनाशी खूणगाठच बांधली. त्याने मोठ्या हौसेने कंपनीचा सायलेन्सर काढून भारदस्त आवाजाचा बसवून घेतला. पण जरा वेग घेतला, की गाडीत असं काही घुमायला लागायचं, की लेक कानांत बोटं घालून बसायची. त्याने पुन्हा गॅरेज गाठलं. मेकॅनिकने पाइपच्या मधोमध, घुमणारा तेवढाच आवाज गिळणारा एक छोटा डबा जोडला आणि गाडी अगदी शहाण्यासारखी चालू लागली.

दुसऱ्या दिवशी कोपरा आला, तशी लेक म्हणाली, "बाबा, इथेच थांबवा."

"अगं, आता तरी गेटपर्यंत येऊ दे की! आता कसली लाज?"

तिने दप्तर खांद्याला अडकवलं. त्याच्याकडे न बघताच ती हळू आवाजात म्हणाली,



"गाडीची कधीच नव्हती, बाबा. गेटवरचे वॉचमनकाका 'गाडी पुढे घ्या' म्हणाले, की तुम्ही त्यांना अरेतुरे करता ना, त्याची वाटते."