मैनाच्या हातचं धान

मथुराबाईने धानाचा दांडा नखाने उभा चिरला. आत पानाला पान, त्या पानाच्या आत आणखी पान. लोंब बाहेर पडण्याआधी दांड्याला फुगीर पोटरी धरते, तिचा कुठे पत्ता नव्हता. तिने दुसरा दांडा चिरला, तिसरा चिरला. दिवाळी होऊन गेली होती. गावाकडे, भंडाऱ्याला, विळे परजून लोक कापणीला लागले होते, आणि इथे भिलाईत या बांधीत, या एवढ्याशा खाचरात, हे कमरेएवढं हिरवंगार धान नुसतं माजून उभं होतं.

"पोटरीच नाई," ती म्हणाली. चिरलेला दांडा तिने मुलाच्या नाकासमोर धरला. "शालिक, रोवणीची पहिली मूठ कोणाची होती?"

शालिकराम सायकलला टेकून उभा होता. अंगात खाकी, हँडलला डबा. "मैनाची," तो म्हणाला, आणि बायकोकडे पाहायचं त्याने टाळलं.

"मंग झालं तर! हात वांझ, म्हणून बांधी वांझ."

मैना धुऱ्यावर, खाचराच्या बांधावरच उभी होती. तिच्या तोंडावर हे बोलताना मथुराबाईला काही वाटलं नाही. बाई तशी वाईट नव्हती हो. सुनेला तिने कधी उपाशी ठेवलं नव्हतं, की तिच्यावर हात उगारला नव्हता. पण जमिनीवरून बाई ओळखावी आणि बाईवरून जमीन, हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं, आणि तिने ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. मैनाला अजून मूल नव्हतं. क्वार्टरामागच्या या पडीक तुकड्यात सुनेने रोवलेलं धान साधलं तर आणखी एक वर्ष वाट पाहायची. नाही साधलं तर उद्याच्या पॅसेंजरने तिला माहेरी धाडायचं आणि गावातल्या देवाजीच्या ताराला शालिकसाठी मागणी घालायची, असं मनाशी पक्कं करूनच ती गावाहून आली होती. शालिकराम आईला नाही म्हणाला नव्हता. अशा वेळी नाही न म्हणणं म्हणजे हो म्हणणंच.

"तिकडं भिंतीजवळचा पट्टा पाहा ना, आत्याबाई," मैना म्हणाली. "तिथलं निसवलं हाये, लोंब धरली हाये. तेही मीच लावलं."

ते खरं होतं. बांधीच्या कडेला कुणीतरी अर्धवट सोडलेली विटांची भिंत होती. तिच्या पायापासून एक तिरपा पट्टा निघून बांधीत रुंदावत गेला होता, आणि तेवढ्याच पट्ट्यातलं धान पिकून ओणवं झालं होतं. मथुराबाईने ते आल्या आल्याच पाहिलं होतं. पाहून ती गोंधळली होती, आणि गोंधळलेलं माणूस चटकन चिडतं.

"तिथं दुसऱ्या कोणाचा हात लागला असंल," ती म्हणाली आणि विषय संपवला. मैना त्या पट्ट्याकडे पाहत राहिली. आपण खरं बोलतोय हे आपल्याला ठाऊक असावं आणि ते पटवून देता येऊ नये, याच्यासारखी घुसमट दुसरी नाही.

दिवस मावळला. शालिकराम पोलाद कारखान्याच्या यार्डातल्या दिव्यांचा वायरमन. ड्युटीवर निघायची त्याची वेळ झाली होती. वातावरण जरा निवळावं म्हणून तो म्हणाला, "माय, आता गंमत पाह्य." बांधीच्या कडेला त्याने स्वतः एक खांब रोवून वर मोठा थोरला दिवा चढवला होता. रानडुकरं येऊ नयेत म्हणून. पण खरी गोष्ट अशी की त्या दिव्याचा त्याला भारी तोरा होता. साऱ्या मरोदा वस्तीत आपल्याच धानाला रात्रीसुद्धा ऊन मिळतं, असं तो मित्रांना ऐकवायचा. त्याने खटका दाबला.

बांधी लख्ख उजळली. आणि भिंतीची सावली पडली.

ती तिरपी पडली. भिंतीच्या पायापासून निघून बांधीत रुंदावत गेली. पिकलेल्या पट्ट्यावर ती अशी बसली, की पट्टा कापून सावलीच्या मापाने शिवला असावा. मथुराबाई तशीच चिखलात उतरली. सावलीच्या रेघेवर दोन ठोंब अगदी लागून लागून उभे होते. अंधारातला लोंबांनी वाकला होता, उजेडातला वांझ होता.

"विझव!" ती ओरडली. "शालिक, विझव तो दिवा!"

त्याने दिवा विझवला. मथुराबाई अंधार व्हायची वाट पाहत उभी राहिली. अंधार झालाच नाही. कारखान्याच्या बाजूला वितळलेल्या लोखंडाचा तापलेला मळ ओतला गेला, अर्धं आभाळ तांबडं झालं, आणि भिंतीआडचा पट्टा तेवढा सोडून धानाचं पातं न् पातं पुन्हा दिसू लागलं. पहाट झाली समजून कुठेतरी कावळा ओरडला. मथुराबाईने दुष्काळ पाहिला होता, पूर पाहिला होता. जमिनीची रात्रच कुणी काढून घेऊ शकतं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला भीती वाटली, लहानपणी वाटायची तशी.

"धानाले रात लागते रे," ती कशीबशी म्हणाली. "त्याले रातच भेटली नाई. अन् मी..."

तिने मैनाकडे पाहिलं. मग मुलाकडे. त्या तांबड्या उजेडात तो सायकलवर टांग टाकून निघायच्या बेतात होता. मथुराबाईचे डोळे त्याच्यावरच खिळले.

"शालिक," तिने अगदी हळू विचारलं, "तू रोज याच वक्ती जातो?"

उत्तर मैनाने दिलं.

"लग्न झालं तवापासून, आत्याबाई. हे दिवसा झोपतात, अन् दिवे लागले का जातात."