चार कोपऱ्यांची माती

आम्हा फ्रँक लोकांत खुनाची भरपाई झेपली नाही, की घराच्या चारी कोपऱ्यांतली माती डाव्या मुठीत घेऊन जवळच्या नातलगाच्या अंगावर टाकतात. मग भरपाई त्याने द्यायची.

शेजाऱ्याला मारलं मी, आणि माती टाकली थोरल्या भावावर, बाउडिनवर. त्याने सगळी गुरं देऊन टाकली.

तेव्हापासून तो नदीत कितीही डुंबला, तरी जेवायला वाकला की त्याच्या खांद्यावरून माती पेजेत गळते.

"तू खा रे," तो म्हणतो. माझी मान वर होत नाही.

आज त्याला मुलगी झाली. सुईणीने तिला दोनदा धुतलं.

"भावजी, घ्या की पुतणीला! लाजता कशाला?" वहिनी म्हणाली.

मी पोरीला खांद्याशी धरलं. तिची डावी मूठ उघडली, आणि माझ्या पाठीवरून कोरडी माती सरसरत खाली गेली.